ओदिलबाईंचा चौथा चित्रपट

मनोहर खांबेटे यांना माणसं फारशी आवडत नसत, आणि आयुष्यभर मास्तरकी करून त्यांनी ते छान झाकलं होतं. पुण्यातल्या एका नावाजलेल्या शाळेत ते फ्रेंच शिकवत. पुण्यात फ्रेंच हा मार्कांचा विषय. आठवीत घ्यायचा, दहावीत शंभराच्या जवळ जायचं आणि निकाल लागला की भाषा पुस्तकांबरोबर रद्दीत द्यायची. खांबेटे सरांच्या हाताखालून मुलांच्या पिढ्या गेल्या, पण पुढे कधी रस्त्यात भेटून त्यांच्याशी फ्रेंचमध्ये दोन वाक्यं बोलेल असा एकही निपजला नाही. सर स्वतः फ्रान्सला गेले नव्हते. बायको गेल्यावर ते सिंगापूरला मुलाकडे, निमिषकडे, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. राहायचे ते लाँग टर्म व्हिजिट पासवर. मुलाने अर्ज केला तर हा पास वाढतो. नाही केला, तर बापाने पुण्याला परत जायचं.

निमिषची बायको गार्गी हिचा या शेवटच्या वाक्यावर फार जीव होता.

गार्गी चांगी बिझनेस पार्कात एका बँकेसाठी सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमची मॅनेजर होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या हे तिचं काम, आणि ते ती उत्तम करायची. घरी आली की चुका तिच्या निघत. सासरे कधी आवाज चढवत नसत. आमटीचा एक घोट घ्यायचे, चमचा खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "असू दे." पडदे बदलले, असू दे. मुलीला, जाईला, पोहण्याच्या क्लासला घातलं, असू दे. या दोन शब्दांचा गार्गीला इतका तिटकारा आला होता की ऑफिसात कुणी सहज म्हटलं तरी तिच्या कपाळाची शीर उडायची. पुण्यात लिफ्ट, नर्स आणि गच्चीवर बाग असलेला एक चांगला वृद्धाश्रम तिने शोधूनही ठेवला होता. विषय काढला की निमिष म्हणायचा, "बाबा इथेच राहतील," आणि खोलीतून निघून जायचा. म्हातारा जावा, एवढंच तिला हवं होतं. कसाही, पण जावा.

अशा घरात ओदिल गार्नेल आल्या.

ओदिलबाई फ्रेंच कादंबरीकार. वय साठीच्या पुढे, केस पुरुषासारखे कापलेले, पायांत सदैव कॅनव्हासचे बूट. इथल्या एका विद्यापीठाने त्यांना पाहुण्या लेखिका म्हणून बोलावलं होतं. ग्रंथालयात त्यांचं भाषण झालं, तेव्हा मागच्या रांगेतून खांबेटे सर उठले आणि त्यांनी फ्रेंचमध्ये प्रश्न विचारला. त्यांचं फ्रेंच जुन्या पाठ्यपुस्तकातलं, इस्त्री केलेलं. बाई खुर्चीतून उठून त्यांच्यापर्यंत चालत आल्या. असं फ्रेंच मी आजीच्या तोंडून शेवटचं ऐकलं, असं म्हणाल्या म्हणे. सर त्या रात्री जेवले नाहीत. इतके खूश होते.

मग दर बुधवारी बाई घरी येऊ लागल्या. निमिषने हौसेने त्यांच्यासाठी चांगल्या कॉफीचं यंत्र आणलं. बाई इंग्रजी बोलत नसत. इंग्रजीत माझी वाक्यं आखडतात, असं त्यांनी सरांकरवी सांगितलं होतं. त्यामुळे सगळ्यांचं बोलणं सरांच्या तोंडून जायचं आणि त्यांच्याच तोंडून परत यायचं. गार्गीने थालीपीठ पुढे केलं की सर फ्रेंचमध्ये पाच-सहा वाक्यं बोलत. बाई गार्गीकडे बघत, हसत आणि आणखी काही विचारत. सर पुन्हा बोलत, मोठ्या प्रसन्न चेहऱ्याने.

"काय सांगितलंत बाबा?" गार्गी विचारायची.

"तुझं कौतुक केलं," सर म्हणायचे.

बाई गेल्या की जेवताना सरांचं व्याख्यान चाले. ओदिल गार्नेल यांच्या चार कादंबऱ्या आणि तीन चित्रपट त्यांना तोंडपाठ होते. पहिल्या कादंबरीत एक डॉक्टर आपल्या दारुड्या भावाची कथा सांगतो. बाईंनी तिच्यावर चित्रपट केला तेव्हा तोंड उघडलं ते त्या भावाने, आणि डॉक्टरची सालं निघाली. दुसऱ्या कादंबरीत आई बोलते, चित्रपटात मुलगी. "आधी एकाकडून ऐकून घ्यायचं आणि मग दुसऱ्याला बोलतं करायचं, हीच या बाईची सगळी कारकीर्द," सर घास हातात धरून सांगत. "माणसं पण तीच, घर पण तेच. चित्रीकरणात आवाज घेत नाही ती. लोक आपापली कामं करतात, शब्द मागाहून घालते." निमिष मान डोलवायचा. चौदा वर्षांची जाई फोनमध्ये असायची. गार्गी डब्यांना झाकणं शोधत असायची. हे सगळं तिच्या कानांवरून गेलं, डोक्यात एक शब्दही शिरला नाही. आपल्या सासऱ्याच्या तोंडून काही उपयोगाचं निघू शकेल, यावर तिचा विश्वासच नव्हता.

दोन वर्षांनी बाई पॅरिसला परतल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांची पाचवी कादंबरी पोस्टाने घरी आली. एका गरम शहरात मुलाच्या घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या शिक्षकाची गोष्ट. म्हातारा स्वतःच बोलतो. आतल्या पानावर खांबेटे सरांचं नाव छापलेलं होतं. निमिषने पुस्तकाचा फोटो 'नॉर्थ-ईस्ट पंगत'वर टाकला. सेंगकांग आणि हौगांगातल्या मराठी कुटुंबांचा हा ग्रुप. सणाला एकत्र जेवायचं आणि एरवी एकमेकांच्या मुलांचे मार्क विचारायचे, यासाठी तो होता. विभा नावाची उत्साही बाई तो चालवायची. तिने लगेच बारा फुलं आणि तीन टाळ्या टाकल्या.

घरात फ्रेंच येणारा एकच माणूस, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण गार्गीची सवय वेगळी होती. समोर आलेली गोष्ट चालते का, हे तपासल्याशिवाय तिला झोप लागत नसे. सर खाली फिरायला गेले की ती पुस्तक काढायची, भाषांतराचं ॲप उघडून फोनचा कॅमेरा पानावर धरायची आणि इंग्रजी वाचायची. पहिल्याच बैठकीत तिने एक परिच्छेद तीनदा वाचला.

"सून चहा देते," म्हातारा म्हणत होता, "म्हणजे कप धुतलेला आहे हे कळवते. त्या घरात चपलांचं कपाट पुस्तकांच्या कपाटाच्या दुप्पट आहे, आणि भरलेलंही तेवढंच. मुलगा समोर बसला की वाटतं, ही माझी तपासून झालेली वही. चुका दिसल्यात, पण आता दुरुस्त कोण करणार? नात गोड आहे. तिला कुठलीच भाषा धड येत नाही, त्यामुळे ती कुणाचं मन दुखवत नाही."

शब्दन्शब्द सरांचा. गार्गीला तो स्वर ओळखू आला. दर बुधवारी, तिच्या हातचं थालीपीठ खात, तिच्याकडे बघत, हसत, तिच्याच टेबलावर हे चाललं होतं. तिला रडू आलं आणि मग भयंकर राग आला. त्या रागात कुठेतरी आनंदही होता. कारण आता म्हातारा जाणार होता.

तिने फोन निमिषसमोर धरला. निमिषने दोन पानं वाचली. तिसरं वाचलं नाही.

"ॲप आहे ते गार्गी. काहीही भाषांतर करतं."

"एवढं? पानामागून पान?"

"आणि कादंबरी आहे. बाईंनी रचलंय. बाबा असं बोलणारच नाहीत." तो उठला. "तुला हेच हवं होतं ना? शोधत होतीस, सापडलं."

दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. गार्गीला एक गोष्ट कळली. हे तिने दाखवून उपयोग नव्हता. तिच्या हातून आलेलं काहीही निमिषला खोटंच वाटणार होतं. त्याने ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडून, चार लोकांत ऐकायला हवं होतं.

तोपर्यंत तिने निदान करमणूक करून घ्यायची ठरवली. रात्रीच्या जेवणानंतर ती गोड आवाजात म्हणायची, "बाबा, आज एक पान सांगा ना मराठीत." सर दचकायचे. मग चष्मा लावून पुस्तक उघडायचे. कुठलं पान उघडलंय हे गार्गी बघायची. त्या पानावर काय आहे ते तिने आधीच वाचलेलं असायचं.

"सुनेच्या हातच्या चहाने म्हाताऱ्याची सकाळ उजाडते," सर वाचायचे. "मुलगा समोर बसला की त्याला वाटतं, आपलं आयुष्य पास झालं."

निमिषच्या डोळ्यांत पाणी यायचं. सर घामाघूम व्हायचे. गार्गी हनुवटीखाली हात ठेवून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "किती सुंदर! पुन्हा एकदा वाचा ना तेवढं." पुन्हा वाचताना म्हाताऱ्याला आधीचं खोटं नेमकं आठवावं लागायचं. कधी आठवायचं नाही, तेव्हा तो शब्द चाचपडत राहायचा. इतकं सुख गार्गीला लग्नानंतर कशानेच मिळालं नव्हतं. तिने विभाला सुचवून पंगतीचा कार्यक्रमच ठेवला. कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये शाल, श्रीफळ, बटाटेवडे आणि खांबेटे सरांचं भाषांतरवाचन. सरांनी सलग पाऊण तास स्वतःच्या मनाने एक प्रेमळ म्हातारा रचला. बायकांनी डोळे पुसले. "गार्गी, भाग्यवान आहेस," विभा म्हणाली. "हो ना," गार्गी म्हणाली आणि सासऱ्यांच्या ताटात आणखी एक वडा वाढला.

मग पॅरिसहून निरोप आला. ओदिलबाई या कादंबरीवर चित्रपट करणार होत्या, याच घरात, याच माणसांना घेऊन.

गार्गीला देव पावला. चित्रपट म्हणजे पडदा. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं. आता ॲपही नाही आणि गार्गीही नाही. म्हातारा काय बोलला ते निमिष अंधारात बसून, स्वतःच्या डोळ्यांनी वाचणार होता. शिवाय सरांचा पास त्याच सुमारास संपत होता. नंतर अर्ज करायला निमिषचा हात उठला नसता. ती इतक्या उत्साहाने तयारीला लागली की निमिषनेच तिला विचारलं, "तुला चालेल ना? घरात कॅमेरा वगैरे?" "अरे, बाबांसाठी एवढंही करायचं नाही का?" ती म्हणाली. सगळ्यांनी संमतीच्या कागदांवर सह्या केल्या. सरांनी सर्वांत शेवटी केली. पेन हातात धरून त्यांनी गार्गीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. घाबरलाय, असं तिने मनात म्हटलं.

बाई दोन माणसं आणि एक छोटा कॅमेरा घेऊन आल्या. आठवडाभर घरात चित्रीकरण चाललं. आवाज घेतच नव्हते, त्यामुळे हवं ते बोलता येत होतं. सर बाल्कनीत उभे राहिले, सर चपला शोधू लागले, जाईने कॅरम लावला, निमिषने टाय बांधला. गार्गीने पैठणी नेसून पुरणपोळ्या केल्या, आणि कॅमेरा तिच्या हातांवरून हलेना.

एका दुपारी कॅमेरावाले जेवायला खाली गेले. बाई स्वयंपाकघरात आल्या, कोथिंबिरीची जुडी पुढ्यात ओढली आणि निवडता निवडता स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "तू दमत असशील."

गार्गी बघतच राहिली. "तुम्हाला इंग्रजी येतं?"

"येतं. पुरुषांसमोर नाही बोलत. ते मध्ये बोलतात."

गार्गी खळखळून हसली. या घरात इतक्या वर्षांत तू दमतेस का, असं कुणी विचारलं नव्हतं. बाहेर हॉलमध्ये सर पेपर वाचत होते. ते उठून दाराशी आले, "पुरणाचा वास कपड्यांना लागतो गं," असं म्हणाले आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार बाहेरून लोटून घेतलं. तिला बरंच वाटलं.

मग ती बोलली. कादंबरी छापून झाली होती, चित्रपट त्याच कादंबरीचा होता, मग बोलायला भीती कसली? आणि ही बाई म्हाताऱ्याचं मन आतून ओळखत होती. हिला नाही सांगायचं तर कुणाला? पुरण वाटता वाटता ती बोलत गेली. नवरा अजून बापापुढे वही घेऊन उभा असतो. संसार दोघांचा आहे, पण झोपताना तिघं असतात.

"आणि म्हातारा आजारी होता तेव्हा?" बाईंनी सहज विचारलं.

दोन वर्षांपूर्वी सरांना न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी मनाची तयारी ठेवायला सांगितलं होतं.

"तेव्हा मी त्यांच्या खोलीचं माप घेतलं," गार्गी म्हणाली. "जाईचं टेबल कुठे बसेल बघायला. मग ते बरे झाले. सगळे पेढे वाटत होते आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. वाईट वाटून." तिने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले. "अजूनही त्यांचा खोकला थांबला की मी दाराशी जाऊन उभी राहते. कान देऊन. दर वेळी आतून श्वास ऐकू येतो."

बाईंनी कोथिंबिरीची देठं एका बाजूला नीट रचली. "पुढे?" त्या म्हणाल्या.

"पुढे काय? वरणाला फोडणी देते."

तिला अगदी हलकं वाटलं. त्या संध्याकाळी ती सासऱ्यांशीसुद्धा बरी वागली.

चित्रपट तयार झाला आणि इथल्याच एका छोट्या महोत्सवात लागला. पंगतीतल्या सगळ्यांची तिकिटं गार्गीने स्वतः काढली. लोक जास्त असणं तिला हवंच होतं. शनिवारी दुपारी सगळी मंडळी सणाला निघाल्यासारखी नटून आली. निमिषच्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला ती, पलीकडे जाई. अंधार झाला. पडद्यावर पहिल्यांदा दिसले ते गार्गीचे हात, पोळी लाटणारे. पंगतीने टाळ्या वाजवल्या. एका बाईचा आवाज फ्रेंचमध्ये बोलू लागला, आणि खाली पांढरी अक्षरं उमटली.

"मी या घरातली सून आहे. म्हातारा आपली गोष्ट सांगून मोकळा झालाय. आता माझी ऐका."

गार्गीला वाटलं, काहीतरी गडबड झाली. चुकीचं रीळ वगैरे. टाळ्या विरल्या. पडद्यावर सर कोवळ्या उन्हात बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालत होते, आणि खाली अक्षरं येत होती. त्यांच्या खोलीचं माप. जाईचं टेबल. पेढे. बाथरूम. बापापुढे वही घेऊन उभा असलेला नवरा, आणि त्याच वेळी पडद्यावर टाय बांधणारा निमिष. शेवटी बंद दार, त्यावर बराच वेळ थांबलेला कॅमेरा. "त्याचा खोकला थांबला की मी दाराशी उभी राहते. दर वेळी आतून श्वास ऐकू येतो." एवढं होऊन पडदा काळा झाला.

म्हाताऱ्याच्या कादंबरीतलं एक वाक्यही चित्रपटात नव्हतं.

दिवे लागले. पंगतीतलं कुणी तिच्याकडे बघेना. मंचावर ओदिलबाई बसल्या होत्या, आणि दुभाषा म्हणून त्यांनी मागून घेतले होते खांबेटे सर. सर हळूहळू पायऱ्या चढले आणि माईक हातात घेऊन उभे राहिले, शाळेच्या फळ्यासमोर राहत असत तसे. पहिला प्रश्न विभाने विचारला. यातली सून जे बोलते ते खरं की रचलेलं?

बाई फ्रेंचमध्ये बोलल्या. सरांनी ऐकलं, आणि या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच काहीही न बदलता भाषांतर केलं.

"त्या म्हणतात, मी रचत नाही. मी ऐकते. हे सगळं मला स्वयंपाकघरात सांगितलं गेलं. इंग्रजीत. कुणी जबरदस्ती केली नव्हती."

गार्गी उभी राहिली. उभं राहायचं नाही हे तिला कळत होतं, पण पाय ऐकेनात. "पुस्तकात काय लिहिलंय ते विचारा यांना!" ती ओरडली. "स्वतःच्या मुलाबद्दल, नातीबद्दल काय बोललेत हे!"

"अगं, पुस्तक आम्ही ऐकलंय ना," विभा म्हणाली. "तूच कार्यक्रम ठेवला होतास. सगळे रडलो होतो आपण."

"खोटं होतं ते! एकूण एक पान खोटं वाचत होते!"

मंचावर सर माईक छातीशी धरून खाली बघत उभे होते. पिचलेला, गरीब म्हातारा. कुणालाही त्यांची दया आली असती, आणि सगळ्यांना आली. गार्गी निमिषकडे वळली. "तुला दाखवलं होतं मी. फोनवर. तू वाचलंयस निमिष, सांग ना त्यांना!"

निमिष पडद्याकडे बघत होता, जरी पडद्यावर आता काहीच नव्हतं.

"ते ॲपचं होतं, गार्गी," तो म्हणाला. "हे तुझं आहे."

घरी परतताना एलआरटीच्या, म्हणजे छोट्या मेट्रोच्या, डब्यात ते चौघं एकाच बाकावर बसले, कारण वेगळं बसलं असतं तर ते जास्त दिसलं असतं. मग जाई आईकडे न बघता बोलली.

"ममा, पुस्तक खोटं वाचतात हे तुला आधीच माहीत होतं?"

"हो," गार्गी घाईने म्हणाली. "म्हणजे तूच विचार कर, ते किती..."

"पण तू रोज विचारायचीस. 'बाबा, आज एक पान.' एव्हरी नाइट, यू आस्क." जाईने नाक ओढलं. "ही वॉज स्वेटिंग, ममा. आय थॉट यू वेअर बीइंग नाइस. सो मीन, लाह."

गार्गीला पोरीला जवळ घ्यायचं होतं, पण जाई उठून आजोबांच्या पलीकडे जाऊन बसली. तिला कुठलीच भाषा धड येत नाही असं म्हणणारा तो माणूस तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

इमारतीपाशी आल्यावर निमिष आणि जाई दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. लिफ्टसमोर दोघंच उरली. सरांनी बटण दाबलं.

"पुस्तकावर फोन धरून बसायचीस ना, तेव्हा पानांच्या कडा दुमडायच्या," ते म्हणाले. "मी पहिल्या आठवड्यातच ओळखलं."

गार्गी त्यांच्याकडे वळली. "मग वाचत का होतात रोज?"

"तुला ऐकायला आवडत होतं." लिफ्टचे आकडे उतरत होते. "गार्गी, तू पुस्तक वाचलंस. पण एकच वाचलंस. मी त्या बाईची सगळी वाचली होती. तीनही चित्रपट पाहिले होते. जेवताना सांगतही होतो तुम्हाला, पण तू डब्यांची झाकणं शोधत असायचीस." दार उघडलं. ते आत गेले, तिच्यासाठी दार धरून ठेवलं आणि सावकाश म्हणाले, "दाराशी उभी राहतेस हे मात्र मला माहीत नव्हतं. असू दे."

सरांचा पास वाढला. निमिषने अर्ज गार्गीला न विचारता केला आणि मंजूर झाल्यावर फक्त सांगितलं. पंगतीचं बोलावणं अजून येतं, पण ते निमिषच्या नावाने येतं. विभा भेटली की ओळख दाखवते आणि मग लगेच सरांची तब्येत विचारते, जणू तेवढंच एक विचारण्यासारखं राहिलंय. ओदिलबाईंच्या चित्रपटाला तिकडे एक पारितोषिक मिळालं. परीक्षकांनी सुनेचं पात्र विशेष धाडसी म्हटलं होतं. सरांनी ती बातमी भाषांतर करून जेवताना वाचून दाखवली. खरी.

घरात भांडण नाही. सगळे एकमेकांशी नीट वागतात. फक्त सरांना खोकला आहे, जुना, सुका, दिवसभर थोड्या थोड्या वेळाने येणारा, आणि कधीकधी तो थांबतो. रविवारी दुपारी सगळे घरात असताना थांबतो, बऱ्याचदा तेव्हाच. मग निमिष लॅपटॉपवरून मान वर करतो आणि गार्गीकडे बघतो. जाई कानातलं काढते आणि गार्गीकडे बघते. गार्गी हातातलं काम ठेवते, ओले हात पुसते आणि सगळ्यांसमोर त्या बंद दाराशी जाऊन उभी राहते. तिला जावंच लागतं. गेली नाही तर काय अर्थ होईल हे तिला माहीत आहे, आणि गेली की काय अर्थ होतो तेही.

"बाबा," ती मोठ्याने विचारते, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ठीक आहात ना?"

आतून सर लगेच उत्तर देत नाहीत.